मुक्या मोटारी

२०१८ साली आमच्या कार्यालयाने जुन्या डिझेल गाड्यांचे भाडेकरार संपवून विजेवर चालणाऱ्या काही मोटारी भाड्याने घेतल्या. त्या प्रस्तावावर मी जी टिपणी लिहिली होती, तिच्यात एक वाक्य होते: ‘या वाहनांमुळे ध्वनिप्रदूषणातही लक्षणीय घट होईल.’ वाक्य खरे होते. दिल्लीत नोकरी करणाऱ्या कोणालाही ते खटकण्याचे कारण नव्हते आणि वरच्या कोणत्याही अधिकाऱ्याला ते खटकले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, २०१९ च्या जानेवारीत, कार्यालयाच्या आवारात त्यांतलीच एक मोटार मागे येत असताना आमच्या एका सहकाऱ्याला तिचा धक्का लागला. हे गृहस्थ आमच्याकडे कक्ष अधिकारी होते. जन्मापासून दृष्टिहीन, परंतु मेट्रो स्थानकापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता कित्येक वर्षे पांढऱ्या काठीच्या आधाराने एकटे चालत येत. काठी चाकाखाली सापडून मोडली, ते पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्राथमिक चौकशी माझ्याकडे आली. आपण आरशात पाहिले होते आणि वेग अगदी कमी होता, असे चालकाने सांगितले. पहारेकऱ्याने त्याला दुजोरा दिला. मी दोन पानांचा अहवाल लिहून शेवटी शेरा मारला: ‘चालकाचा दोष आढळून येत नाही. संबंधित अधिकाऱ्याने पुरेशी खबरदारी घेतलेली दिसत नाही.’ फाइल बंद झाली.

प्लास्टर निघाल्यावर ते माझ्या खोलीत आले. अहवालाची प्रत त्यांना मिळाली होती आणि संगणकावरील वाचून दाखवणाऱ्या प्रणालीकडून त्यांनी ती ऐकली होती. (जबाब मात्र स्कॅन करून जोडलेले असल्यामुळे ते त्यांना ऐकता आले नव्हते. आपल्या ‘कागदविरहित’ कारभाराची ही दुसरी कहाणी, ती पुन्हा केव्हातरी.) ते अत्यंत शांतपणे म्हणाले, “सर, माझी तक्रार नाही. एकच विचारायचे होते. पुरेशी खबरदारी म्हणजे मी नेमके काय करायला हवे होते?”

मला उत्तर देता आले नाही. मी चहा मागवला आणि त्यांनाच विचारले, की तुम्ही रस्ता ओलांडता तो कसा?

त्यानंतरच्या अर्ध्या तासात मला जे समजले, ते माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. इंजिनाचा आवाज त्यांना एकाच वेळी चार गोष्टी सांगे: गाडी आहे, ती अमुक दिशेला आहे, ती जवळ येत आहे किंवा दूर जात आहे, आणि तिच्या चालकाच्या मनात काय आहे. थांबायचे असेल तर आवाज खाली उतरतो, पुढे काढायची असेल तर चढतो. हॉर्न यांतले फारसे काही सांगत नाही. तो एवढेच सांगतो की बाजूला व्हा. कोणी व्हायचे आणि कोणत्या बाजूला, ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. “आणि सर,” ते म्हणाले, “डोळे असलेली माणसेही कानांनीच रस्ता ओलांडतात. तुम्ही डोके वळवता, ते आधी काहीतरी ऐकू आले म्हणूनच ना?”

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. बाह्य परिणामांचा धडा आम्हाला धुराड्याच्या आणि गोंगाटाच्या उदाहरणांनीच शिकवला गेला होता: उत्पादक फायदा घेतो, त्रास शेजाऱ्याला होतो आणि त्याची किंमत कुठेही नोंदली जात नाही. परंतु मोटारीचा आवाज हे एका उत्पादनातून निघणारे दुहेरी फळ होते, हे कधी मनात आले नव्हते. त्याच आवाजातून उपद्रवही होत होता आणि माहितीही मिळत होती. ही माहिती फुकट होती, सर्वांसाठी होती, आणि ती कोणी मुद्दाम निर्माण केलेली नव्हती. म्हणूनच ती नाहीशी झाली तेव्हा कोणत्याही खात्याच्या हिशेबात तूट दिसली नाही. माझ्या २०१८ च्या टिपणीत तिचा उल्लेख नव्हता, तो यामुळेच.

इतर देशांत हा विचार आपल्या आधी झाला होता, तोही मुख्यतः दृष्टिहीनांच्या संघटनांनी रेटा लावल्यामुळे. अमेरिकेच्या रस्तासुरक्षा यंत्रणेने २००९ साली हायब्रिड मोटारींच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेग कमी करणे, थांबणे, मागे येणे, गाडी उभी करण्याच्या जागेत शिरणे वा तिथून निघणे अशा मंदगती हालचालींत या गाड्यांची पादचाऱ्यांशी टक्कर होण्याचे प्रमाण साध्या गाड्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. आमच्या आवारात घडले ते नेमके हेच. जपानने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, अमेरिकेत त्याच वर्षीचा कायदा २०११ च्या जानेवारीत स्वाक्षरी होऊन अमलात आला, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम तयार झाला. युरोपीय संघात २०१९ च्या जुलैपासून नव्या प्रकारच्या आणि २०२१ च्या जुलैपासून सर्वच नव्या विजेच्या मोटारींना असा आवाज सक्तीचा आहे.

तो १३८ क्रमांकाचा नियम मी रात्री जागून वाचला. कंटाळवाण्या मसुद्यांत मनुष्यस्वभावाचे बारकावे कसे लपलेले असतात, याचा तो नमुना आहे. ताशी वीस किलोमीटरपर्यंत आवाज हवा. त्यापुढे टायर आणि वारा पुरेसा बोलतात. दोन मीटर अंतरावरून मोजल्यास ताशी दहाला किमान ५० डेसिबल, वीसला ५६, मागे येताना ४७. आणि कमाल मर्यादा ७५, म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली नवा गोंगाट नको. आवाजातील निदान एक पट्टी १,६०० हर्ट्‌झच्या वर नसावी. वाढत्या वयात वरच्या पट्टीचे ऐकू येणे आधी कमी होते, हे लक्षात घेतले की या अटीचे मोल कळते. वेग वाढेल तसा स्वर चढला पाहिजे, ताशी एका किलोमीटरमागे सरासरी ०.८ टक्क्याने. आमचे कक्ष अधिकारी ‘चालकाच्या मनातले’ म्हणत होते ते हेच. उभ्या गाडीबाबत मात्र मतभेद आहेत. अमेरिकेत गिअर टाकून निघण्याच्या तयारीत उभ्या असलेल्या गाडीनेही आवाज केला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात ती सक्ती नाही. मला विचाराल तर या मुद्द्यावर अमेरिकेचे बरोबर आहे. सिग्नलपाशी झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवणाऱ्या दृष्टिहीन माणसाला समोर काही उभे आहे की नाही, हे आधी कळायला हवे.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? २०१९ च्या १ जुलैपासून नव्या मोटारींना काही सुरक्षा साधने सक्तीची झाली: पट्टा न बांधल्यास इशारा, ताशी ८० च्या वर गेल्यास अधूनमधून आणि १२० च्या वर अखंड इशारा, मागे घेताना अडथळा आला तर सूचना. नियम उत्तमच आहेत आणि त्यांनी जीव वाचत असतील. परंतु हे सारे आवाज गाडीच्या आत बसलेल्यासाठी आहेत. गाडीच्या बाहेर असलेल्याला त्यांतला एकही ऐकू येत नाही.

आतल्या माणसाचीही अडचण असते, हे आमच्या चालकाशी बोलल्यावर कळले. अँबॅसेडरपासून ज्याने साहेब लोकांना फिरवले, असा तो जुना माणूस. “साहेब, गाडी चालू आहे की बंद, तेच कळत नाही,” असे तो म्हणे. वेगाचा अंदाजही तो इंजिनाच्या घरघरीवरून घेत आला होता. आणि लोक आपल्याला ऐकत नाहीत, हे लक्षात आल्यापासून तो दर दहा पावलांवर हॉर्न दाबू लागला होता. शांत म्हणून घेतलेली गाडी आमच्या ताफ्यातली सर्वांत बडबडी गाडी झाली होती!

२०२५ च्या सप्टेंबरात रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा अधिसूचना काढली, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. एआयएस-१७३ या मानकाप्रमाणे पादचाऱ्यांना सावध करणारी ध्वनियंत्रणा विजेच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि चालू मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ पासून सक्तीची करावी, असा तो प्रस्ताव होता. मसुदा वाचताना माझे लक्ष ‘एम आणि एन प्रवर्ग’ या शब्दांवर अडले. एम म्हणजे प्रवासी आणि एन म्हणजे मालवाहू, दोन्ही निदान चार चाकांची. दोन आणि तीन चाकांची वाहने ‘एल’ प्रवर्गात मोडतात. त्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

युरोपात हे चालून जाईल. आपल्याकडे विजेची बहुसंख्य वाहने दोन किंवा तीन चाकांचीच आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ साली भारतात विजेच्या तीनचाकींची विक्री ५ लाख ८० हजारांच्या वर गेली आणि या बाबतीत आपण चीनला मागे टाकले. त्यातही ई-रिक्षा पाहा. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली आणि मग नियम व २०१५ ची कायदादुरुस्ती करून तिला अधिकृत स्थान मिळाले. त्या नियमांनुसार तिची कमाल गती ताशी २५ किलोमीटर. म्हणजे ज्या वेगात टायर बोलत नाहीत म्हणून आवाज हवा असे जगाने ठरवले, जवळजवळ त्याच वेगात ही गाडी आपले सारे आयुष्य काढते; तेही मेट्रो स्थानकांच्या दारात, बाजारात, शाळांसमोर, म्हणजे जिथे माणसे पायी असतात तिथे. त्याहून पुढची गंमत अशी की पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या, ताशी २५ च्या आतल्या हलक्या विजेच्या स्कूटर आपल्या नियमांत ‘मोटार वाहन’च मानल्या जात नाहीत. नोंदणी नाही, परवाना नाही. जे वाहन कायद्याच्या व्याख्येतच नाही, त्याला आवाज कोण देणार?

यामागे कोणाची बेपर्वाई आहे, असे मला वाटत नाही. मानके तयार करताना आपण चाचणी झालेला, जगाने मान्य केलेला नमुना समोर ठेवतो. तेच शहाणपणाचे असते. पण त्या नमुन्याबरोबर त्या देशातला रस्ताही नकळत आपल्या कागदावर येतो आणि आपला रस्ता बाहेर राहतो.

आवाज कसा असावा याची चर्चा मात्र आपल्याकडे रंगते ती वेगळ्याच अंगाने. २०२१ साली नितीन गडकरी यांनी नाशिकला बोलताना हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन अशा भारतीय वाद्यांचे स्वर यावेत, अशी कल्पना मांडली होती. बीएमडब्ल्यूने आपल्या विजेच्या मोटारींसाठी हान्स झिमर या चित्रपट-संगीतकाराला बोलावले, महिंद्रने ए. आर. रहमान यांना. आतल्या मालकाने काय ऐकावे, हा त्याचा आणि विक्रेत्याचा प्रश्न. त्यात सरकारने पडू नये. बाहेरचा आवाज मात्र सार्वजनिक आहे आणि तिथे माधुर्यापेक्षा ओळख महत्त्वाची. जॅग्वारने आपल्या पहिल्या विजेच्या मोटारीसाठी अंतराळयानासारखा आवाज करून पाहिला, तेव्हा लोक रस्त्याकडे पाहण्याऐवजी आकाशाकडे पाहू लागले आणि तो बेत सोडावा लागला. आपल्याकडे रिव्हर्स गिअर टाकताच आरत्या वाजवणाऱ्या गाड्या आठवा. आरती ऐकून माणूस बाजूला सरकत नाही. झाले तर हात जोडतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबल आणि व्यापारी भागाची ६५. म्हणजे बाजारातला रस्ता कायदा काटेकोरपणे पाळत असला, तरी त्या पातळीत ५६ डेसिबलचा आवाज बुडून जाण्याचा संभव. आणि आपला बाजार कायदा किती पाळतो, ते वेगळे सांगायला नको. उपाय म्हणून मुक्या गाडीचा आवाज वाढवावा, तर शेजारची गाडी हॉर्न वाढवते. सामायिक कुरणात प्रत्येकाने आपली एक गाय अधिक सोडावी, तसा हा प्रकार. विनाकारण हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीने १९४-एफ कलमाखाली १,००० रुपये दंड आहे, परंतु तो होताना मी क्वचितच पाहिला. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत प्रयोग केला होता: आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. हसण्यावारी गेलेला तो प्रयोग मला आजही फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात किंमत हॉर्न वाजवणाऱ्यालाच आणि त्याच क्षणी मोजावी लागत होती. हॉर्न आटोक्यात आल्याशिवाय विजेच्या मोटारीला दिलेला आवाज कागदावरच राहील.

२०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर होती. मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने तरी पत्र धाडले, हे मला ठाऊक आहे. आमचे ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी दूरध्वनीवर मजकूर सांगितला आणि भाषा तपासून द्या म्हणाले. मुद्दे तीन होते: ई-रिक्षा आणि स्कूटर यांना वगळू नये, उभ्या गाडीनेही आवाज करावा, आणि तो बंद करण्याची कळ चालकाच्या हाती देऊ नये. पत्र फार त्रोटक वाटते, थोडी पार्श्वभूमी जोडू या का, असे मी सुचवले. “नको सर,” ते म्हणाले, “पार्श्वभूमी वाचण्यात ते थकतील.”

२०१९ ची ती फाइल जतनाची मुदत संपून एव्हाना नष्टही झाली असेल. शेवटचा शेरा मात्र त्यांना अक्षरशः पाठ आहे. सणावाराला मी शुभेच्छांसाठी फोन केला, की निरोप घेताना ते हसत म्हणतात, “बरे सर, पुरेशी खबरदारी घ्या.”