एजंटसाठी मॅन्युअल

गेले तीन वीकेंड मी एक मॅन्युअल लिहितोय आणि ते कुठल्याही माणसानं वाचावं अशी माझी अपेक्षा नाही. वाचणार आहेत ते एआय एजंट. ऑफिसात डॉक्युमेंटेशन लिही म्हटलं की पोटात दुखतं, आणि इथे सुट्टीच्या दिवशी स्वखुशीने चाललंय. बायकोच्या मते हे लक्षण काही बरं नाही.

त्याचं असं झालं. १९८४ साली सरकारची ‘क्लास’ नावाची योजना निघाली आणि आपल्याकडच्या काही शाळांत बीबीसी मायक्रो आले. एकॉर्न कंपनीचा ब्रिटिश कॉम्प्युटर, ३२ केबी मेमरी. (हो, केबीच.) माझी मावशी तेव्हा गणित शिकवायची. पोरांसाठी तिने त्यावर बरेच प्रोग्रॅम लिहिले होते. त्या सव्वापाच इंची फ्लॉप्या माळ्यावर सापडल्या, एकूण अकरा. ग्रीझवीझल म्हणून एक छोटं बोर्ड मिळतं, ते फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. त्याने सगळ्यांच्या इमेज काढल्या. त्यातल्या एका फ्लॉपीचा लेप वाचता वाचताच हेडला चिकटून निघाला. म्हणजे आता तिची इमेज हीच मूळ प्रत!

इमेज हाताळायला मी एक छोटं टूल लिहिलंय: यादी दाखव, फाइल काढ, फाइल घाल, वगैरे. अकरा डिस्कवरच्या शंभरेक फाइली एकेक करून बघायचा कंटाळा, म्हणून काम एजंटला द्यायचं ठरवलं. आधी चाचणी म्हणून एक कॉपी आणि जुनं रीडमी देऊन म्हटलं, ‘एक फाइल घालायची आहे, जागा कर.’ गड्याने सरळ ‘कॉम्पॅक्ट’ चालवलं.

तसं बघितलं तर बरोबरच आहे. या डीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइल सलग सेक्टरांतच बसावी लागते. मधे मधे भोकं पडली की जागा असूनही फाइल मावत नाही, मग कॉम्पॅक्ट करून सगळ्या फाइली पुढे सरकवायच्या. पण फाइल डिलीट केली की फक्त यादीतलं नाव जातं, आतला मजकूर त्या भोकातच पडून असतो. कॉम्पॅक्ट केलं की तो गेला. आणि मला नेमकी तीच भोकं हवी होती! मावशीचा पाढ्यांचा प्रोग्रॅम सुरू झाल्याबरोबर ‘अक्षर’ नावाची फाइल मागतो, आणि ती यादीत नाही. मावशीला पक्कं आठवतंय की पडद्यावर मराठी अक्षरं यायची. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं, आठ आकडे देऊन बनवलेलं.

तेव्हा कळलं की एजंटसाठी लिहिणं वेगळं असतं. माणूस अडला की चहाला जातो, कुणाला तरी विचारतो. एजंट पुढचा पर्याय चालवून बघतो. त्यामुळे कमांड काय करते यापेक्षा ती काय नष्ट करते ते आधी लिहावं लागतं. एरर मेसेजमध्येसुद्धा. ‘जागा अपुरी’ एवढंच सांगून थांबलात तर तो स्वतःचा मार्ग काढणारच. आता माझा मेसेज म्हणतो: जागा अपुरी, मूळ इमेजवर कॉम्पॅक्ट बंद आहे, नवी रिकामी इमेज बनव.

दुसरं म्हणजे ‘हे असंच असतं’ हे सांगावं लागतं. एका बाजूची ८० ट्रॅकची इमेज २,०४,८०० बाइटची हवी. पण बऱ्याच लोकांच्या इमेज शेवटचे न वापरलेले सेक्टर कापून लहान केलेल्या असतात. एजंटला ती फाइल बिघडलेली वाटते आणि तो दुरुस्तीला लागतो. एका यादीत जास्तीत जास्त ३१ फाइली, नाव सात अक्षरांचं, हेही तसंच. शिवाय प्रत्येक फाइलबरोबर लोड आणि एक्झिक्यूशन असे दोन पत्ते असतात. ते न जपता फाइल बाहेर काढून परत घातली तर मशीन कोडचा प्रोग्रॅम मेमरीत भलतीकडेच जाऊन बसतो. या सगळ्याबद्दल एजंटने कुठेतरी वाचलेलं असतंच. पण बीबीसीचं, कमोडोरचं आणि ॲपलचं मिळून त्याच्या डोक्यात भेळ झालेली असते. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं: हे फक्त डीएफएस.

असो. नव्या मॅन्युअलवर एजंटने सातव्या डिस्कची भोकं चाळली आणि बेसिकच्या ओळींचे तुकडे काढून दिले. ‘अक्षर’ होतं! ‘क’पासून ‘प’पर्यंत शाबूत. त्यापुढे दुसरी फाइल येऊन बसलेली.

आणि इथे साहेबांनी कमालच केली. उरलेली अक्षरं त्याच वळणाची बनवून देऊ का, म्हणे. इतक्या आदबीने विचारलं की क्षणभर मोह झाला. बनवलीही असती छान. पण मग दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला कसं कळणार की यातलं मावशीचं कुठलं आणि यंत्राचं कुठलं? मॅन्युअलमध्ये ठळक ओळ घातली: न सापडलेला बाइट न सापडलेलाच नोंदवायचा, भरायचा नाही.

उरलेली अक्षरं मावशी स्वतः करत्ये, आलेखाच्या वहीत पेन्सिलने चौकोन भरून. सध्या ‘भ’वर अडलीय.