कव्हरचा नकार

इंडी, म्हणजे लहान स्वतंत्र संघाने बनवलेल्या, व्हिडिओ गेमचं कव्हर तयार झालं की ते चार लोकांना दाखवलं जातं, ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं जातं आणि ‘मस्त’ असं उत्तर येतं. या देवघेवीतून कव्हरविषयी काहीच कळत नाही, कारण प्रश्न चित्राबद्दल विचारलेला असतो. मोठ्या पडद्यावर, एकट्याने, सावकाश पाहिलेलं चित्र चांगलं असू शकतं आणि तरीही कव्हर म्हणून ते पडू शकतं. आपल्याकडे कव्हरचा विचार करायचा तर चित्रकार दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ या दिवाळी अंकाची आठवण होणं स्वाभाविक आहे. पण दिवाळी अंक स्टॉलवर पूर्ण आकारात टांगलेला असतो, वाचक जवळ येतो, अंक हातात घेतो, पानं चाळतो. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात जवळ येण्याची सोय नाही. तिथे कव्हरला ‘कॅप्सूल’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी योग्य आहे: सगळं औषध त्या एवढ्याशा गोळीत बसवायचं असतं. शोधाच्या यादीत ही कॅप्सूल कधीकधी १२० बाय ४५ पिक्सेलइतकी लहान होते, म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी. तिच्या वर-खाली तशीच आणखी डझनभर तिकिटं असतात. या जागी कव्हरने काय करावं, याचं माझं उत्तर थोडं उलटं वाटेल: चांगलं कव्हर योग्य माणसाला बोलावतं तितक्याच स्पष्टपणे चुकीच्या माणसाला ‘हे तुझ्यासाठी नाही’ असं सांगतं. कव्हर जोखताना मी हा नकार शोधतो.

आधी आकाराचा मुद्दा मिटवू, कारण जे दिसतच नाही ते कुणाला नकारही देऊ शकत नाही. २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘इको’ या जपानी गेमचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तो इंडी गेम नव्हता, पण एकाच गेमला दोन कव्हरं मिळण्याचा योग क्वचित येतो. जपान आणि युरोपसाठीचं कव्हर दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवलं, जॉर्जो द किरिको या चित्रकाराच्या प्रभावाखाली: उन्हात तापलेल्या भव्य वास्तू, लांबलचक सावल्या आणि त्यात हात धरून पळणाऱ्या दोन चिमुकल्या आकृती. अमेरिकेतल्या डब्यावर मात्र शिंगं असलेला मुलगा अगदी पुढे, मोठा करून आणला होता. पहिल्याचं आजही कौतुक होतं आणि दुसऱ्याची टिंगल. डब्याच्या आकारात हा निवाडा मलाही मान्य आहे. पण उएदांचं चित्र १२० पिक्सेलांवर आणून पाहा. पळणाऱ्या आकृती नाहीशा होतात आणि उरतात पिवळसर रंगाचे काही ठोकळे. त्या चित्राचा सगळा अर्थ ‘एवढ्या मोठ्या जागेत एवढी लहान माणसं’ या प्रमाणात होता, आणि नेमकं प्रमाणच तिकिटावर टिकत नाही. चित्र म्हणून श्रेष्ठ असणं आणि कॅप्सूल म्हणून चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ क्वचितच दिसेल.

याच्या दुसऱ्या टोकाला २०१७ चा ‘हॉलो नाइट’ आहे, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या टीम चेरी या लहानशा संघाचा. त्याच्या कव्हरवर शिंगं असलेला पांढरा मुखवटा आहे, त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळी विवरं आणि भोवती निळसर काळोख. रंग काढून टाका, आकार दहापटीने घटवा, तरी तो मुखवटा पुसला जात नाही, कारण तो तपशिलावर उभा नाही, उजेड-अंधाराच्या फरकावर उभा आहे. पण दिसणं ही फक्त पहिली पायरी. तो मुखवटा गोंडस आहे आणि रिकामाही आहे. पाहणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की इथे एकटेपणा आहे, काहीतरी हरवलेलं आहे आणि बहुधा मार खावा लागणार आहे. रंगीबेरंगी, हसतखेळत उड्या मारण्याचा गेम शोधणारा इथून पुढे जातो. हाच तो नकार, आणि तो एकही शब्द न लिहिता दिलेला आहे.

हा नकार हवाच कशाला, गिऱ्हाईक परत कशाला पाठवायचं, असा व्यवहारी प्रश्न लगेच येईल. त्याचं उत्तर दुकानाच्या नियमांतच आहे. स्टीमवर विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत केला आणि तो दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. २०१५ पासून ही सोय आहे. म्हणजे कव्हरने फसवून आणलेला माणूस पहिल्या तासातच उठून जाऊ शकतो. जाताना तो अंगठा खाली करून गेला तर नुकसान दुहेरी. चांगल्या शेऱ्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांखाली घसरलं की गेमच्या नावाखाली ‘संमिश्र’ असा शिक्का बसतो, आणि ज्या माणसासाठी गेम खरोखर बनवला होता तोही तो शिक्का पाहून थबकतो. मोठ्या कंपनीच्या गेमवर हजारोंनी शेरे पडतात, त्यात शंभर नाराज माणसं बुडून जातात. इंडी गेमला सुरुवातीला पन्नास शेरे मिळाले तरी पुष्कळ, आणि तिथे वीस चुकीची माणसं अख्ख्या गेमचं नाव घालवू शकतात. म्हणून कव्हरने सरसकट सगळ्यांना ओढून आणणं हे यश नसून उधारी आहे, आणि ती लवकरच वसूल होते.

नकार नेमका हवा असेल तर कव्हरने दोन गोष्टी सांगायला हव्यात: इथे काय करायचं आहे आणि ते करताना कसं वाटेल. पुष्कळ कव्हरं यांऐवजी तिसरीच गोष्ट सांगतात, ती म्हणजे हे कुठे घडतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० साली आला तेव्हा भारतीय पुराणकथा आणि राजस्थानी वास्तुकला यांचं वेगळेपण सहज नजरेत भरणारं होतं. पण अशा गेमच्या बाबतीत जगभरच्या खेळाडूला ‘भारतीय पुराण’ हे स्थळ कळतं, कृती कळत नाही. त्याच महालात कोडी सोडवता येतील, राज्य चालवता येईल किंवा राक्षसांशी लढता येईल. नायिकेच्या हातात काय आहे, तिच्या अंगाचा तोल पुढे झुकलेला आहे की ती नुसती उभी आहे, यावरून पाहणारा क्षणात निवड करतो. म्हणून नवख्या माणसाला कव्हर दाखवून ‘आवडलं का?’ असं विचारू नये. ‘या गेममध्ये तू काय करशील?’ असं विचारावं. उत्तर खऱ्या खेळाच्या जवळपास आलं तर कव्हर पास.

यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की कव्हरला एवढं महत्त्वच नाही. ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षं जवळपास कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, इंटरनेटवर थेट खेळून दाखवणाऱ्या स्ट्रीमर मंडळींनी तो उचलला आणि मग तो घरोघरी पोचला. हे खरं आहे, आणि कव्हर एकट्याच्या बळावर गेम चालवत नाही हेही खरं. पण जो माणूस नाव ऐकून आला तो आधीच निवडला गेलेला आहे. त्याच्यासाठी कव्हरचं काम ओळख पटवण्याएवढंच उरतं. जो काहीच न ऐकता यादी वरखाली करतो आहे, त्याच्या बाबतीत मात्र कव्हरखेरीज कुणीही बोलत नसतं. आणि नाव गाजवणारे स्ट्रीमर ज्याच्या वाट्याला येत नाहीत असेच गेम बहुसंख्य असतात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: खोटं बोलणारी कव्हरंही गाजतात. २०१७ च्या ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’च्या कव्हरवर शाळकरी मुली गोड हसतात आणि आत भयकथा निघते. पण हा गेम मूळचा फुकट होता, त्यामुळे पैशाची फसवणूक नव्हती. शिवाय गेम सुरू होतानाच तो मुलांसाठी आणि सहज अस्वस्थ होणाऱ्यांसाठी नाही, असं बजावलेलं असतं. म्हणजे नकार दिलेलाच आहे, फक्त तो चित्राबाहेर ठेवला आहे, आणि गोडवा हा त्या गेमच्या युक्तीचाच भाग आहे. हा अपवाद ज्याला पेलवेल त्याने जरूर पेलावा. ज्याचं कव्हर नुसतंच गेमपेक्षा देखणं आहे त्याने त्याचा आधार घेऊ नये.

चित्रातून नकार मिळत नसेल तर ती उणीव शब्दांनी भरून काढण्याची वाटही आता उरलेली नाही. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने कॅप्सूलवर परीक्षणातले गुण, पुरस्कारांची नावं, सवलतीच्या जाहिराती लिहायला मनाई केली आहे. चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. नावसुद्धा त्या आकारात वाचता यायला हवं. उद्या कुणी देवनागरीत नाव लिहिलं तर त्याची अडचण जास्त, कारण शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार आले की ४५ पिक्सेलांच्या उंचीत अक्षराच्या पोटाला जागाच उरत नाही. अशा वेळी नाव लहान करण्यापेक्षा चित्रातलं काहीतरी काढावं, आणि काय काढायचं हे ठरवताना पुन्हा तोच निकष कामी येतो. जे काढल्यावर चुकीचा माणूस आत येऊ लागेल ते ठेवायचं, आणि ज्याच्या जाण्याने कुणालाच फरक पडत नाही, ते कितीही प्रेमाने रंगवलेलं असलं तरी पुसून टाकायचं.