पोळ्यांचा डबा आणि माळावरचा लांडगा



संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकलं की मी उरलेल्या पोळ्यांचा डबा घेऊन खाली उतरते. चौदा वर्षांचा नेम आहे. खडकवासल्याला रविवारी धरणावर सगळं पुणं लोटतं, कणसं-भजी खातं, उरलंसुरलं तिथंच टाकून जातं. सोमवारी तीच कुत्री उपाशी आमच्या गल्लीत येतात. त्यांना घास घालायचा, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

लेक ब्रिस्बेनला असते. ती गारी नावाच्या बेटावर (पूर्वी त्याला फ्रेझर म्हणायचे) फिरून आली आणि फोनवर म्हणाली, "आई, तुझा डबा बघून तिथे तुला जबर दंड केला असता." त्या बेटावर डिंगो असतात. तांबूस रंगाचे, दिसायला आपल्या गावठी कुत्र्यासारखे, पण हजारो वर्षांपासून रानात राहणारे. त्यांना खायला घालणं तिथे गुन्हा आहे. घास मिळायला लागला की त्यांची माणसाची भीती जाते, मग ते अंगावर येतात, चावतात आणि शेवटी त्यांनाच मारून टाकावं लागतं. मेंढ्या वाचवायला ऑस्ट्रेलियात डिंगोंसाठी सुमारे ५,६०० किलोमीटरचं कुंपण घातलंय, आणि पाळीव कुत्र्यांशी संकर होऊन अस्सल डिंगो संपतील ही काळजी वेगळीच. मी म्हटलं, "अगं, ते रानातले. माझी कुत्री गल्लीतली." विषय तिथेच संपला.

पण माझ्या बाबतीत तो अक्षय्य तृतीयेला पुन्हा निघाला.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. वडिलांचं दुकान होतं. धनगर उधारी फेडायला यायचे आणि गप्पांत हमखास सांगायचे, "शेठ, परवा लांडग्यानं कोकरू नेलं." सांगताना राग असायचा, पण असा की जणू घरातल्याच कुणी खोडी काढली. मी बी.कॉम. झाले, लग्न होऊन पुण्याला आले, आणि लांडगा माझ्यासाठी गोष्टीतलाच होऊन राहिला.

यंदा भाचा म्हणाला, "आत्या, चल, कडबनवाडीचा माळ दाखवतो." तिथे आता वनविभागाची सफारी आहे. चिंकारा बघायला लोक लांबून येतात. आपण लहानपणी ज्याला पडीक म्हणायचो, ते गवत चिंकाऱ्याचं, लांडग्याचं, खोकडाचं घर आहे हे मला साठीनंतर कळलं. झाडं नसली की जमीन वाया गेली, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून वाघाला जंगल राखून ठेवलं आणि लांडग्याच्या माळावर शेतं, सोलर, प्लॉट आले. कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे, पहिल्या परिशिष्टात. पण देशात लांडगे उरलेत तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांपेक्षाही कमीच.

परतताना सूर्य कलला होता. एका पोल्ट्रीमागे मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकल्या होत्या. तिथे चार जनावरं होती. भाच्याने गाडी थांबवली. तीन नक्की कुत्री होती. चौथं उंच पायांचं, पण रंग पिवळसर. "लांडगा ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "सांगता येत नाही, आत्या."

मग त्याने सांगितलं. पुणे जिल्ह्यातल्याच अशा पिवळ्या जनावरांची जनुकं तपासली गेली. द ग्रासलँड्स ट्रस्ट, अत्री आणि एनसीबीएस या संस्थांचा तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि लांडगा-कुत्रा संकर सिद्ध झाला. लांडगे कमी, भटकी कुत्री अमाप. जोडीदार मिळाला नाही की लांडगी कुत्र्याबरोबर जाते. कुत्र्यांकडून रोग येतात ते वेगळेच. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपरची साथ आली, तो रोग मुळात कुत्र्यांचाच.

त्या रात्री झोप आली नाही. माझी कुत्री खडकवासल्याची, माळ कितीतरी लांब. पण मी घालते तशाच पोळ्या तिथेही कुणी घालत असेल. तीही आपल्यातलीच कुणी, वहिनीसुद्धा असेल. (आहेच. दुसऱ्या दिवशी विचारलं.)

घास बंद करावा, तर अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध आहे. नसबंदी करावी, तर छेदही त्याच यादीत. ताळेबंद काही केल्या जुळेना. शेवटी आमच्याकडे चातुर्मासाला आलेल्या माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अन्न तोडणं हा दोष कुणाच्या बाबतीत? आपण बांधून ठेवलेल्या जीवाच्या. तुझी कुत्री बांधलेली आहेत का?" मी नाही म्हटलं. "सवय कुणी लावली?" मी गप्प. "मग सवयीची दोरी तुझ्याच हातात आहे."

नसबंदीबद्दल विचारलं, त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. तो निर्णय माझा मलाच घ्यावा लागला. आमच्या गल्लीतली अकरा कुत्री मी संस्थेच्या गाडीत चढवून दिली. नसबंदी झाली, रेबीजची लस टोचली, नियमाप्रमाणे ती परत त्याच गल्लीत सोडली. काळीचा कान कापून खूण केलेली बघितली तेव्हा पोटात कालवलं. त्या दिवशी उपवास केला. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. मला अजून पटलंय असं नाही, पण तिची सातवी वेत मातीत पुरण्यापेक्षा हे बरं, एवढं नक्की.

डबा चालू आहे, फक्त त्या अकरांसाठी, एकाच जागी, आणि उरलेलं मी उचलून आणते. चौपाटीवरच्या कणीसवाल्या मावशींना कचऱ्याचा डबा झाकायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काकू, आधी तुमच्या पुणेकरांना सांगा." खरं आहे त्यांचं.

वहिनीने मात्र पोल्ट्रीवाल्याला गाठलं. खड्डा खणून मेलेल्या कोंबड्या पुरायच्या, यावर तो तयार झालाय म्हणे. वाड्यामागच्या कुत्र्यांचं काय करायचं, यावर आमचं फोनवर रोज भांडण होतं. काल ती म्हणाली, "ताई, रात्री माळाकडून ओरडणं ऐकू आलं. कुत्र्याचं नव्हतं." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी ओळखलं असतं."