खोटी कॅसेट कोणाची?

सातारा, १४ सप्टेंबर

चि. ओजस यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. लाइपझिगच्या जुन्या बाजारात घेतलेली ती करडी कॅसेट तू परत करायला निघाला आहेस, असं ताई म्हणाली. कारण काय, तर ‘ही कॉन्ट्रा या खेळाची डुप्लिकेट आहे, माणसांच्या जागी रोबो घातलेत.’ अरे, थांब जरा. तुझी कॅसेट अस्सल आहे. खोटी होती ती आमची.

आमची पिवळी होती. १९९६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पांनी आणली. वरच्या कागदावर चौसष्ट खेळ, आत मोजून नऊ. तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम यंत्राची नक्कल केलेला डबा आणि त्यात नकली कॅसेट, पण गल्लीत तेव्हा तोच व्हिडिओ गेम. कॉन्ट्रात मी निळ्या पँटचा गडी, तुझी आई लाल. धबधब्याच्या लेव्हलला ती सरसर वर चढायची, तिच्यामागे स्क्रीन वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी फुकट मरायची. मग रिमोटची वायर ओढण्यापर्यंत मजल जायची. त्या दोघांना बिल आणि लान्स अशी नावं आहेत, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

आता तुझी कॅसेट. कोनामीचा कॉन्ट्रा १९८७ मध्ये आर्केडच्या यंत्रावर आला, १९८८ मध्ये जपान आणि अमेरिकेत घरच्या टीव्हीवर. युरोपात निन्टेन्डोवर यायला १९९० उजाडलं, आणि आला तो ‘प्रोबोटेक्टर’ होऊन. बिल-लान्स गेले, त्यांच्या जागी आरडी-००८ आणि आरसी-०११ हे रोबो. समोरून गोळ्या झाडणारे सैनिकही यंत्रं झाले. शेवटचे ते किळसवाणे परग्रहवासी मात्र जसेच्या तसे. त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नसावं! यामागे धास्ती होती तू राहतोस त्याच देशाची, जर्मनीची. तिथे मुलांना घातक ठरेल असं साहित्य तपासणारं सरकारी कार्यालय आहे. त्याच्या यादीत खेळ गेला की मुलांना विकायचा नाही, दुकानात मांडायचा नाही, जाहिरातही करायची नाही. ‘रिव्हर रेड’ हा विमानाचा साधा खेळसुद्धा १९८४ मध्ये त्या यादीत गेला होता. माणसाने माणसाला मारलं तर भानगड. लोखंडाने लोखंडाला मारलं तर कोण विचारतो? आणि एका देशाच्या धास्तीपायी सगळ्या युरोपला रोबो मिळाले.

पण मला खरा चटका लावला तो जपानी कॉन्ट्राने. मागच्या वर्षी त्याचा व्हिडिओ पाहिला. पहिलीच लेव्हल, तेच जंगल, उडी मारायच्या त्याच जागा. आणि मागची झाडं हलत होती. मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. पानं खरंच डुलत होती. बर्फाच्या लेव्हलला बर्फ पडत होता. दोन लेव्हलच्या मध्ये नकाशा येत होता. आम्ही सुट्ट्याच्या सुट्ट्या ज्या जंगलात घालवल्या तिथे वाराच नव्हता, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर समजलं.

कारण अगदी रुक्ष आहे. जपानात कोनामी स्वतःच्या कॅसेटी स्वतः बनवायची आणि त्यात आपली खास चिप बसवायची. चित्रांचे तुकडे भराभर बदलण्याचं काम ती करायची. अमेरिकेत कॅसेटी निन्टेन्डोच बनवून देणार, चिपाही तिच्याच. साध्या चिपेवर खेळ बसवताना पानं थांबली, बर्फ थांबला. आमच्या पिवळीतली झाडंही ढिम्म होती, म्हणजे नक्कल मारणाऱ्याने अमेरिकन प्रत उचलली असणार.

मारिओचं तर याहून मजेशीर. जपानचा दुसरा मारिओ (१९८६) अमेरिकन पोरांना झेपणार नाही म्हणून तेव्हा तिकडे धाडलाच नाही. त्याऐवजी ‘दोकी दोकी पॅनिक’ या भलत्याच खेळातली माणसं काढून मारिओ मंडळी घातली आणि १९८८ मध्ये तोच दुसरा भाग म्हणून विकला. सासरी नाव बदललेल्या लेकीसारखा तो १९९२ मध्ये ‘सुपर मारिओ यूएसए’ म्हणून जपानला माहेरी आला.

तेव्हा परत करू नकोस. दिवाळीला येताना घेऊन ये. आपल्या डब्यात ती बसायची नाही, आपल्याकडच्या कॅसेटीला ६० पिना, तुझ्या कॅसेटीला ७२. पण मला ती हातात घेऊन बघायची आहे. आणि चालली नाही तर आमच्यासारखी फुंकर मारू नकोस. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात, आमची पिवळी अशीच गेली. कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लाव, पूस, नीट वाळू दे.

तुझी,
मावशी