यादी तपासताना

खिदिरपूर, कोलकाता

चिमू,

तुझा प्रोग्राम नीट वाचला. न्हावाशेव्याकडून निघालेल्या कंटेनरांची फाइल आधी तपासायची आणि मगच पुढे पाठवायची, हे तुला कुणी न सांगता सुचलं याचा मला फार आनंद झाला. आमची खिदिरपूरची गोदी १८९२ सालची, शेजारी नेताजी सुभाष डॉक. हुगळीची भरती बघून जहाज लॉकगेटातून आत येतं, पण त्याची यादी त्याच्या आधी पोचलेली असते. यादीत एक अक्षर चुकलं तर ट्रेलर गेटवर अडकून राहतो, आणि ड्रायव्हर बिचारा उन्हात बसतो.

कंटेनरचा प्रकार तपासायला तू 'ऑर' जोडत जोडत लांबलचक अट लिहिली आहेस. पहिल्या संकेताशी तुलना केलीस, पुढे मात्र प्रत्येक 'ऑर'नंतर नुसता संकेतच ठेवलास. पायथॉन रिकाम्या नसलेल्या कुठल्याही मजकुराला खरंच मानतो, त्यामुळे तुझी अट वाटेल ती ओळ पास करते. फाइलीत एकही चूक सापडत नाही म्हणून तू खूश होतीस, त्याचं कारण हे. ती अट काढ आणि चालणाऱ्या संकेतांचा सेट कर. महिरपी कंसात २२जी१, ४२जी१, ४५जी१, २२आर१ असे पूर्ण संकेत, प्रत्येक स्वतंत्र अवतरणात. मग 'इन' लावून एकच प्रश्न विचारायचा: हा यात आहे का? नववीच्या गणिताचा पहिला धडा संचांचा होता, तो इथे जसाच्या तसा कामाला येतो.

एक जपून कर. 'सेट' हे फंक्शन घेऊन त्यात २२जी१ हा एकच मजकूर दिलास तर तो फुटतो आणि हातात २, जी, १ अशी सुटी अक्षरं येतात. दोनदा आलेला २ एकदाच उरला, क्रमही गेला. सुट्या अक्षरांचा उपसंच तपासणं हे वेगळं काम आहे. क्रमांकात नको ते चिन्ह घुसलंय का, एवढंच त्यातून कळतं. त्यातही रिकाम्या ओळीचा संच रिकामा असतो, आणि रिकामा संच सगळ्यांचाच उपसंच. म्हणजे कोरी ओळ ही परीक्षा पहिल्या नंबराने पास होणार! लांबी आधी मोज. शिवाय अंक तपासायला 'इझडिजिट'वर विसंबू नकोस, कारण ते आपल्या देवनागरी पाचालाही अंक म्हणतं. ते चूक नाही, पण पुढच्या यंत्रणेला तो चालणार नाही. शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांचा स्वतःचा सेट ठेव.

आता कंटेनरचा क्रमांक. तीन अक्षरं मालकाची, चौथं यू, जे किंवा झेड, मग सहा अंक आणि शेवटी तपासणीचा अंक. चौथ्या अक्षरासाठी तिघांचा सेट अगदी योग्य. शेवटच्या अंकासाठी सेट उपयोगाचा नाही, तिथे हिशेबच करावा लागतो. प्रत्येक अक्षराला किंमत आहे (ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, ११ आणि त्याच्या पटी गाळल्या आहेत), ती जागेप्रमाणे १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांनी गुणायची, बेरजेला ११ने भागायचं, उरेल तो अंक, १० उरले तर शून्य. सीएसक्यूयू ३०५४३८ घेऊन वहीवर करून बघ. बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून शेवटी ३. अक्षरांची अदलाबदल सुट्या अक्षरांच्या सेटला कधीच दिसत नाही, या बेरजेला बहुतेक वेळा दिसते.

आणि जे या दोन्हींना दिसत नाही तेही लक्षात ठेव. २२आर१ हा वीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, त्याला धक्क्यावर वीज लागते. त्याच्या जागी कुणी साध्या कंटेनरचा २२जी१ लिहिला तर दोन्ही संकेत सेटमध्ये आहेत, तुझा प्रोग्राम समाधानाने पुढे जाईल, आणि आतली मासळी सडेल. अशा ठिकाणी ओळीतले दुसरे रकाने सोबत वाचावे लागतात: तापमान लिहिलंय आणि प्रकार साधा आहे, मग ओळ थांबव.

पुन्हा आलेला क्रमांक तू सरळ चूक ठरवला आहेस. तसं करू नकोस. एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल असू शकतो, तेव्हा तोच क्रमांक वेगवेगळ्या बिल ऑफ लेडिंगसमोर (मालाच्या पावतीसमोर) येतोच. क्रमांक आणि बिल अशी जोडी टपल करून 'पाहिलेले' नावाच्या सेटमध्ये टाकत जा. जोडी पुन्हा आली तरच हरकत घे. लिस्ट टाकायला गेलीस तर पायथॉन नकार देईल, टपल चालतो. इथे सेटचा वेगही उपयोगी पडतो. हजार ओळींच्या फाइलीत प्रत्येक ओळ मागच्या सगळ्यांशी ताडून बघायची तर तुलना पाच लाखांच्या घरात जातात. सेट मागचं सगळं न चाळता उत्तर देतो.

नावांना मात्र हे काहीही लावू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. इथून जवळच सुरीनाम घाट आहे. १८७३ साली 'लल्ला रूख' जहाज कोलकात्याहून सुमारे चारशे गिरमिटियांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, घेऊन सुरीनामला गेलं. त्यांच्या स्मरणार्थ घाटावर २०१५ साली 'माई-बाप' ही मूर्ती बसवली. त्या काळच्या नोंदवह्यांत नाव, बापाचं नाव, जिल्हा, ठाणं, गाव असे रकाने असत, आणि कारकुनाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलं जाई. आज पणतू त्याच स्पेलिंगवरून गाव शोधतात. बंदरांचे, प्रकारांचे संकेत कुणीतरी ठरवून दिलेले असतात, त्यांचा सेट करणं रास्त आहे. माणसांची नावं कुणी ठरवून दिलेली नाहीत. माल घेणाऱ्याचं नाव तुझ्या यादीत नसेल तर ते जसं आलं तसं राहू दे.

पहिलीच ओळ नेहमी नापास होते असं लिहिलं आहेस. फाइल एक्सेलमधून 'यूटीएफ-८' म्हणून साठवली असेल, तर आरंभी एक अदृश्य चिन्ह बसतं. 'स्ट्रिप'ने ते जात नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दे. संकेतांच्या आणि क्रमांकांच्या रकान्यांना 'स्ट्रिप' आणि 'अप्पर' लाव, त्यापलीकडे स्वतःच्या मनाने काही दुरुस्त करू नकोस. चुकीची ओळ सापडली की तिचा क्रमांक, रकाना आणि आलेला मजकूर जसाच्या तसा छाप, आणि तिथे न थांबता पुढच्या ओळी तपास, म्हणजे पाठवणाऱ्याला सगळ्या चुका एकदम कळतील. कुठले कंटेनर आलेच नाहीत हे बघायला अपेक्षित सेटमधून आलेला सेट वजा कर, पण छापण्याआधी 'सॉर्टेड' लाव. नाहीतर दर वेळी क्रम वेगळा येऊ शकेल आणि दोन दिवसांचे अहवाल शेजारी ठेवून बघता येणार नाहीत.

नवा प्रोग्राम झाला की पाठव, सोबत मुद्दाम बिघडवलेली एक फाइलही पाठव: एक कोरी ओळ, एक देवनागरी अंक, एक तीच जोडी पुन्हा, आणि एक मासळीचा साधा कंटेनर. ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा