वेशीवर बांबू

30 मार्च 2020
संध्याकाळी कोळीवाडा सील. नाक्यावर बांबू, पोलीस, गाडीवर भोंगा. आये म्हणाली, "मंग म्हावरा इकायचा कुठं?" भोंगा पुढे गेला.

31 मार्च
घरातलं मोजलं. तांदूळ दहा किलो. कोळी मसाला वर्षाचा. सुक्या बोंबलांचा पत्र्याचा डबा गळ्यापर्यंत. आये निश्चिंत.

2 एप्रिल
शाळा बंदच. फोनवर गॅझेटियर उघडून बसले. 1689. सर जॉन चाइल्डने मोगलांची जहाजं धरली, औरंगजेब खवळला. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला. इंग्रज माझगावची गढी टाकून पळाले. पाठोपाठ माहीम गेलं. साहेबलोक फोर्टातल्या किल्ल्यात कोंडलेले. वेढा वर्षभराहून जास्त. आमचा चौथा दिवस.

3 एप्रिल
संडासाची रांग. अंतर ठेवा म्हणे. आमच्या गल्लीत दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात.

5 एप्रिल
रात्री नऊला दिवे. पलीकडे वांद्रे लुकलुकलं. सी लिंकवर एकही गाडी नाही. समुद्र उशाशी आल्यासारखा वाजतो.
दादूस दिवा लावायला उठला नाही. अंग कसकसतंय म्हणाला.

6 एप्रिल
ताप 101. कोणाला सांगायचं नाही, आयेने ठरवलं. मी गप्प राहिले. इथे लिहून ठेवते.

7 एप्रिल
मी फोन केला. आये माझ्याशी बोलत नाही.

8 एप्रिल
पांढरे किट घातलेले तिघे आले. दादूस चप्पल शोधत राहिला. दारातच होती. समोरच्या खिडक्या उघडल्या, मग एकेक लागल्या.
हनुमान जयंती. पौर्णिमेचं पाणी पार वर आलं होतं.

10 एप्रिल
झोप नाही. पुढे वाचलं. इंग्रजांचे दोन वकील बादशहापुढे हात बांधून उभे राहिले. दीड लाख रुपये दंड, वर चाइल्डला काढायची अट. तो त्याआधीच, फेब्रुवारी 1690 मध्ये इथे मेला. जूनमध्ये सिद्दी माझगावची गढी जाळून निघाला. हॅमिल्टन नावाचा दर्यावर्दी लिहितो, त्यानंतरच्या चार महिन्यांत रोगाने लढाईपेक्षा जास्त माणसं नेली.
फोन पालथा ठेवला.

11 एप्रिल
तरी वाचलंच. 1692 ला सिद्दी परत चालून आला, तेव्हा लढायला धड माणूस उरला नव्हता. रुस्तम दोराब या पारशाने कोळी जमवले आणि त्याला हुसकलं, असं सांगतात. बक्षीस म्हणून कोळ्यांची पाटीलकी रुस्तमला.
आयेला मोठ्याने वाचून दाखवलं. चार दिवसांनी बोलली, "होऱ्या कोनाच्या व्हत्या?"

13 एप्रिल
डबा अर्धा. शेजारणीकडे वाटीभर बोंबील. उंबऱ्यावर ठेवून मागे सरले. वाटी घासून, उन्हात तापवून परत आली. आत दोन लिंबं.

14 एप्रिल
3 मेपर्यंत वाढवलं.
दादूसचा फोन. आवाज बसलेला. "होरीत पानी शिरला असेल. उपस, नायतर फळ्या सडतील." डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. पुन्हा होरीच.

17 एप्रिल
फोन लागत नाही.

18 एप्रिल
लागला. बॅटरी संपली होती. आयेने माझ्या हातून फोन हिसकावला आणि अर्धा तास नुसती शिव्या देत होती. मग मला चहा दिला.

21 एप्रिल
एक रिपोर्ट निगेटिव्ह. दुसराही तसाच हवा, मग सोडतील.

23 एप्रिल
डब्याच्या तळाशी चुरा आणि मीठ. सकाळी भातावर तेच.
उन्हं कलल्यावर दोघी किनाऱ्यावर गेलो. होडी वाळूत कलंडलेली, आत गुडघाभर पाणी, वर डिझेलचा तवंग. बादली आणायला मी विसरले. आयेने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला.
एकशे चाळीसपर्यंत मी मोजले. मग तिने डबा माझ्या हातात दिला.