दुसऱ्याच्या हातचे अर्धे काम

मराठीत ‘अर्धवट’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. काम पुरे झाले नसेल तर ते अर्धवट, आणि माणसाच्या डोक्यात काही कमी असेल तर तोही अर्धवट. अपुऱ्या कामाकडे आपला समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे या एका शब्दात पुरेसे दिसते. गंमत अशी की याच भाषेत ज्या साहित्यप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो, त्याचे नाव एका अर्धवट राहिलेल्या ग्रंथावरून आले आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेला बाणभट्ट ‘कादंबरी’ लिहिता लिहिता वारला, आणि त्याच्या मुलाने उत्तरभाग लिहून ती पूर्ण केली. आपण हे काम कवित्वाच्या अभिमानाने हाती घेतले नसून, कथा तुटल्यामुळे रसिकांना झालेले दुःख पाहून घेतले, असे मुलाने आरंभी सांगून ठेवले आहे. दुसऱ्याचे अर्धे काम उचलणाऱ्याला हा खुलासा बहुधा करावाच लागतो. माझ्या हाती आलेले अर्धे काम एका मोटारीचे आहे, आणि तिच्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच विचार करावा लागला.

गाडी १९७१ सालची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. हीच गाडी थोड्याफार फरकाने पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली, आणि एकविसावे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज उंच इमारती आहेत. पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. जुन्या फियाटवाल्यांची हळहळ निराळी होती. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग विकणारे होते, आणि ते बसवणारे हातही होते.

आमच्या गल्लीतल्या काकांनी ही गाडी १९८८ मध्ये मुंबईहून जुनी म्हणून घेतली. काका पेशाने टर्नर. वाळूज एमआयडीसीत १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने लहानमोठी शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. त्यांपैकी एकात काकांनी लेथवर आयुष्य काढले. २०१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि आठवडाभरात त्यांनी गाडी खोलायला घेतली. आठ वर्षे ती खोललेलीच होती. २०२० मध्ये काका गेले. दोन वर्षांनी काकूंनी मला बोलावून सांगितले, “भंगारवाल्याला द्यायची नाही, आणि अशी उघडीवाघडीही ठेवायची नाही. तू बघ काय ते.”

मला मिळाले ते असे: चाके काढून लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला सांगाडा, पोत्याखाली झाकलेले इंजिन, त्रेचाळीस डबे आणि एक दोनशेपानी वही. डब्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आकडे, आणि वहीत त्या आकड्यांचा खुलासा. पण खुलासा लिहिणाऱ्याने तो स्वतःपुरता लिहिला होता. ‘मा. उ. ३, १ गेला’ म्हणजे मागच्या उजव्या बाजूचे तीन बोल्ट आणि त्यांतला एक हरवलेला, हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या. ‘पु. डा. कि. पि. झीज, पुन्हा’ याचा उलगडा पुढच्या डाव्या चाकाची किंग पिन प्रत्यक्ष हातात घेतल्यावर झाला. जुन्या हस्तलिखिताचा अभ्यासक लेखकाच्या लकबी शिकतो तसे हे वाचन होते. काकांचा ‘पुन्हा’ म्हणजे ‘मी केले, पण मला पटले नाही’.

इंजिनाने मात्र पहिल्याच दिवशी धीर दिला. १०८९ सीसीचा चार सिलिंडरचा ठोकळा काकांनी बोअर करून आणला होता. बोअर केलेला बिडाचा पृष्ठभाग उघडा राहिला तर पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो. काकांनी चारी सिलिंडरांच्या आतून ग्रीसचा जाड थर दिला होता आणि तोंडावर लाकडी फळी बोल्टने आवळली होती. नवे पिस्टन त्यांच्या रिंगांसह तेलकट कागदात गुंडाळून त्यावर एक ते चार आकडे घातलेले. उद्याच काम करायचे असते तर एवढा बंदोबस्त कोणी करत नाही. मध्ये किती काळ जाईल हे आपल्या हातात नाही, हे जाणणाऱ्याचे ते काम होते.

खरा प्रश्न पत्र्याचा होता. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही. पत्र्याचे सबंध कवचच भार पेलते. दारांखालून जाणारी पोकळ पेटी वरून क्षुल्लक दिसते, पण गाडीचा कणा म्हणावा तर तोच. ती गंजली की गाडी मधोमध वाकते आणि दारे लागेनाशी होतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत सतरा वर्षे काढलेल्या या गाडीच्या दोन्ही पेट्या आतून खाल्लेल्या होत्या. काकांनी डावी पेटी नवी केली होती: जुना पत्रा पूर्ण कापून, आतल्या उभ्या पट्टीसकट, दाराच्या चौकटीला लोखंडी अँगलचा तात्पुरता आधार देऊन. उजवी तशीच होती. जुन्या शहरातल्या एका अनुभवी डेंटरला मी घेऊन आलो. त्याने डाव्या पेटीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “ये किसका हाथ है, साहब?” मग उजवीकडे जाऊन म्हणाला, “वैसाइच करना, या आसान वाला?”

सोपा मार्ग म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवायचा, कडेने वेल्डिंग मारायचे, लांबी भरून घासायचे आणि रंग द्यायचा. डोळ्यांना काही कळत नाही. भार मात्र सडक्या पत्र्यावरच राहतो, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकून गंज दुप्पट वेगाने पसरतो.

त्याच्या त्या प्रश्नावर मला पैठणची आठवण झाली. एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतले आणि युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी त्यांचे लेखन थांबले. १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. परंपरेने गावबाची आठवण पुरणपोळीला हपापलेला मंदबुद्धीचा मुलगा म्हणून ठेवली आहे, म्हणजे लोकांच्या लेखी तोही ‘अर्धवट’च. पण त्याने नाथांची ओवी इतकी अंगात मुरवली होती की सामान्य वाचकाला सांधा जाणवत नाही. हा एक मार्ग: ज्याचे काम, त्याच्याच हाताने करायचे. याच नाथांनी त्याआधी, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. तिथे त्यांची भूमिका अगदी उलटी होती. तीन शतकांत शिरलेले पाठ काढायचे, मूळ शोधायचे, स्वतःचे काही घालायचे नाही. आणि पुढे कोणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत म्हणून त्यांनी ताकीदही देऊन ठेवली. एकच गाव, एकच घर, पण शुद्ध करणाऱ्याचा धर्म वेगळा आणि पूर्ण करणाऱ्याचा वेगळा.

मी डेंटरला ‘वैसाइच’ म्हणालो. त्याने दीड महिना घेतला. पैशांचा हिशेब काकूंना दाखवला तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, “डावीकडचं पण असंच रेंगाळलं होतं.”

इथवर सरळ होते. पुढे मात्र एका भोकाने अडवले. पुढच्या आसनाखाली, गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यावर, हातभर लांबीचा पत्रा स्वच्छ कापून काढलेला होता. या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला असतो. काकांना तो खाली जमिनीवर आणायचा होता. वहीत त्याचे मोजमाप होते, एक कच्ची आकृती होती, कारण मात्र नव्हते. मूळ रचनेला एवढा जपणारा माणूस हे का करेल? काकूंनी सांगितले: २०१५ नंतर काकांचा डावा खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जाईना. दांड्यावरचा गिअर टाकायला कोपर उचलावे लागते. खालचा गिअर त्यांना जमला असता.

म्हणजे ते भोक गाडीच्या इतिहासाचे नव्हते, काकांच्या शरीराचे होते.

आता कायदा पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी या वर्गात येते. चेसी, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशा गाडीला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मान मोठा, पण गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. दुसरा रस्ता साधा: काकूंच्या नावावर वारस म्हणून हस्तांतर, तपासणी, आणि पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण. हस्तांतराचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. ती मुदत उलटून गेलेली असल्याने दंड भरावा लागणार. पण या रस्त्याने गेलेली गाडी पैठणला जाऊ शकते. नाथषष्ठीला काका-काकू याच गाडीने पैठणला जात, आणि काकूंना पुन्हा जायचे आहे. त्यांचे वय आज शहात्तर आहे.

तज्ज्ञ मित्रांचा सल्ला पहिल्या रस्त्याचा होता. गाडीचे मूळ रूप जपा, तिची किंमतही वाढेल, असे त्यांचे म्हणणे. पण मूळ रूप म्हणजे कोणते? बॉनेटचा रंग खरवडला तर तीन थर निघाले: वर पांढरा, मध्ये निळसर, तळाशी करडा. कारखान्यातून गाडी करडी निघाली असणार. काकूंना हे सांगितले तर त्या ऐकूनच घेईनात. “आमची गाडी पांढरी होती,” त्या म्हणाल्या. त्यांची बत्तीस वर्षे त्या पांढऱ्या थरात आहेत.

आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याला हा प्रश्न फार मोठ्या मापाने येऊन गेला आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रे वाचवण्यासाठी आणले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचे ऋण मोठे. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि तो उतरवण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षे गेली. त्यांच्या हेतूबद्दल कोणाला शंका नाही. एवढेच शिकायचे की मागून येणाऱ्याला काढता येणार नाही असे काही लावू नये.

हा धडा काकांना कोणी दिला होता की नाही, कोण जाणे. सत्तावीस नंबरच्या डब्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेल लावलेला, कापून काढलेला तो पत्र्याचा तुकडा मला मिळाला. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि कोपऱ्यावर खिळ्याने ओरखडलेला बाण, पुढची दिशा दाखवणारा. लेथवरचा माणूस बदल करतानाही परतीची वाट ठेवून करतो.

मी तो तुकडा काकूंसमोर ठेवला आणि विचारले, काकांना हवा होता तसा खालचा गिअर करायचा, की भोक बुजवायचे? त्यांच्या इच्छेचा मान राखायचा तर पहिले करणे भाग होते, असे मला वाटत होते. काकूंनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला. “खांदा त्यांचा दुखत होता,” त्या म्हणाल्या. “तुझा दुखतो का? मग बुजव.”

वारलेल्या माणसाची इच्छा आणि त्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा नीट कळले. इच्छेला त्याच्या गरजांची मुळे असतात, आणि त्या गरजा त्याच्याबरोबर जातात. रीत मागे राहते: अँगलचा आधार देऊन मगच पत्रा कापण्याची, ग्रीस लावून फळी आवळण्याची, कापलेला तुकडा तेल लावून ठेवण्याची. गावबाने नाथांची इच्छा पुरी केली असेल, पण ती करू शकला तो त्यांची रीत उचलल्यामुळे.

तुकडा बाणाच्या दिशेने बरोबर बसला. डेंटर सांधा घासून सपाट करायला निघाला, त्याला मी थांबवले. बाहेरून दिसणाऱ्या पेटीवर सांधा दिसू नये, हे ठीक. चटईखालच्या या सांध्यावर मात्र फक्त रेड ऑक्साइडचा हात दिला. पुढे कोणी गाडी खोलली तर त्याला कळेल की इथे एकदा कापले होते आणि परत लावले होते. रंग पांढराच ठरला. फक्त डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वीतभर करडा थर उघडा ठेवला आहे.

नोंदणी साध्या रस्त्यानेच करायची. हस्तांतराचे कागद दिले आहेत. इंजिन गाडीत बसले आहे, अजून सुरू केलेले नाही, कारण वायरिंग बाकी आहे आणि एकोणीस ते बावीस या डब्यांतला एक कंडेन्सर गेलेला आहे. वहीची एकशे बारा पाने काकांच्या अक्षरात आहेत. त्यापुढच्या नोंदी मी करतो, त्यांच्याच खुणा वापरून. परवाची नोंद अशी: ‘उ. पेटी झाली. त. तुकडा बसला. मा. डा. ब्रेक, पुन्हा.’